सहलेखनाचं जाळं विणताना

१. आधी नावं निस्तरा. गणितातल्या शोधनिबंधांचं जाळं म्हणजे प्रत्येक लेखक एक ठिपका. दोघांनी मिळून निबंध लिहिला की मध्ये रेघ. पण ‘एस. जोशी’ हा एक माणूस की दहा? लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे तर दोन ठिपके होतात आणि तिचं निम्मं काम तिच्या खात्यावर दिसतच नाही. भौतिकशास्त्रज्ञ मार्क न्यूमन यांनी सहलेखनाच्या जाळ्यांवरच्या २००१ च्या त्यांच्या गाजलेल्या अभ्यासात म्हणूनच दोनदा मोजणी केली: एकदा सगळी आद्याक्षरं धरून, एकदा फक्त पहिलं. हे काम किचकट आहे, पण ते मी दुसऱ्यावर सोपवत नाही.

२. रेघांना वजन द्या. भौतिकशास्त्रातलं उदाहरण घ्या: हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या निबंधावर पाच हजारांहून जास्त नावं आहेत. जोडी-जोडीत रेघ ओढली तर एका निबंधातून सव्वा कोटींहून जास्त ओळखी निघतात! म्हणून लेखक जितके जास्त, तितकं रेघेचं वजन कमी धरा.

३. रेघ कशी जुळली, हे जाळं सांगत नाही. १९५९ मध्ये राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि ई. टी. पार्कर यांनी लॅटिन चौरसांबद्दलचं ऑयलरचं पावणेदोनशे वर्षं जुनं अनुमान खोटं ठरवलं. जाळ्यात हा नुसता त्रिकोण. प्रत्यक्षात श्रीखंडे हे बोस यांचे विद्यार्थी. त्या दोघांनी अनुमानाला छेद देणारं २२×२२ घरांच्या चौरसाचं उदाहरण शोधलं. पार्कर युनिव्हॅक कंपनीत होते, त्यांनी १०×१० घरांचं शोधलं. मग तिघांनी मिळून प्रश्न निकालात काढला. एका रेघेत गुरू-शिष्याचं नातं, उरलेल्या दोन रेघांत एकाच प्रश्नाचा ध्यास. मला या विषयाची गोडी लागली ती अशा गोष्टींमुळे. म्हणून शक्य असेल तिथे मी माणसांना गाठून विचारतेच.

४. सर्वांत जास्त रेघा असलेल्याच्या मागे धावू नका. दोन घोळक्यांना जोडणारा पाहा. तो निवृत्त झाला की दोन्हीकडची ये-जा थांबते.

५. सुटे ठिपके पुसू नका. संगणकावर सर्वांत मोठा जोडलेला भाग ठेवून बाकीचं गाळणं एका आज्ञेत होतं. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर बहुतांशी एकट्यानेच काम करत. ६१७४ या विलक्षण संख्येचा शोध त्यांचाच, १९४९ मध्ये त्यांनी जाहीर केलेला. अशी माणसं गाळून ‘विषयाचा नकाशा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. निधी मागायच्या अहवालातही मी सुट्या ठिपक्यांची यादी जोडते, नावं आणि गावांसकट.