टीसीएलची चावी आली, आता ऐक

राजा, धनजचा जलसुरक्षक झालास, पंचायतीनं टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरीच्या, खोलीची चावी तुझ्याकडे दिली, लय बरं झालं. आता जरा बस अन् ऐक.

आधी पाणी मोज, मग औषध टाक. विहिरीचा व्यास चार मीटर अन् पाणी तीन मीटर असेल तर आत साधारण 37,700 लिटर पाणी आहे. हजार लिटरला 5 ग्रॅम धरले तर 190 ग्रॅम पावडर लागते. काठावरून मूठभर भुरभुरवून घरी जाणारे मी लय पाहिले. बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालव, मग बादली भर, चुना तळाला बसू दे, अन् वरचं निवळ पाणी तेवढं विहिरीत सोड. नाकाला रुमाल बांधूनच. संध्याकाळी उपसा थांबल्यावर टाकलं तं औषधाला रातभर सवड मिळते. 5 ग्रॅमचा हिशोब 33 टक्के क्लोरीनच्या ताज्या पावडरीचा, बरं का! पोत्याचं तोंड उघडं राहून ओल लागली की उरतो तो नुसता चुना.

पाण्यात क्लोरीन उरलं का ते पाहायची ओटी टेस्ट टाकीखाली उभं राहून करू नको. तिथं तं रंग पिवळा येणारच. गावाच्या पार टोकाच्या नळावर जा. तिथं पिवळं झालं नाही तर मधल्या लाइनीवर संशय घे. पाणी सुटलेलं असताना फुटक्या जागेतून पाणी बाहेर उडते, ते दिसते तरी. पाणी बंद झालं की तीच फट नालीतली घाण आत ओढते. म्हणून नालीतून गेलेला पाइप अन् बिनतोटीचा नळ आधी शोध. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात चिखल साचला असेल तर त्याच दिवशी उपस.

संडासाचं सांगतो. आपली माती काळी, पावसात फुगते, पाणी मुरू देत नाही. दोन शोषखड्डे घे, भिंत जाळीची बांध, अन् भोवती फूटभर रेती-रोड्याचा थर भर. तो थर गवंडी हमखास विसरतो, मग पहिल्याच पावसाळ्यात खड्डा तुंबतो अन् घरचे पुन्हा टमरेल उचलतात. विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब. न्हाणीचं पाणी या खड्ड्यांत सोडू नको, त्याला वेगळा खड्डा. गॅसचा पाइप लागत नाही, गॅस मातीत मुरतो. एक खड्डा भरला की चेंबरमधून दुसरा चालू कर; पहिला दोन वर्षं झाकून ठेवला तं आत कोरडं, बिनवासाचं सोनखत होते. पऱ्हाटीला घाल.

स्वच्छता शिकावी ती गाडगेबाबांकडून. ते शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. कीर्तनाआधी स्वतः गाव झाडत. 2000 साली त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान निघालं, तेव्हा गावोगाव खराटे चालले. हल्ली खराट्यापेक्षा फोटो जास्त निघतात, असो.

पावसाळ्याआधी अन् नंतर आरोग्य खात्याचं स्रोतांचं सर्वेक्षण असते. पाणी सुरक्षित तं हिरवं कार्ड, धोका असला तं लाल. तेव्हा हिरव्या कार्डासाठी कोणाच्या मिनत्या करू नको. लाल आलं तर कपाटात दडवू नको, सरळ ग्रामसभेत वाच अन् तिथंच दुरुस्तीचा ठराव लिहून घे.