स्लायडरला हात लावण्याआधी

चि. सायलीस,


तुझं पत्र पोचलं. लग्नाच्या अल्बमात नवरीच्या चेहऱ्यावर जांभळी झाक येते आणि तू रोज प्रिंटरच्या ड्रायव्हरमधला मॅजेंटा कमी-जास्त करत बसतेस, हे वाचून काळजी वाटली. आधी ते बंद कर. सगळे स्लायडर शून्यावर आण. दोष कुठे आहे ते न शोधता त्यावर रंगाची मलमपट्टी केली, की उद्या दुसऱ्या फोटोत तो वेगळं रूप घेऊन वर येतो. म्हणून ओळीने तपास, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल.

सुरुवात नोझल चेकने कर. त्यात छापलेली पिवळ्या शाईची जाळी फिकी असते, तिच्यातली तुटलेली रेघ ट्यूबलाइटखाली नजरेतून सुटते. कागद खिडकीशी नेऊन बघ. पिवळा कमी पडला की कातडीचा रंग जांभळट-निळसर होतो, सायन कमी पडला की लालसर. तुझ्या बाबतीत पहिला संशय पिवळ्यावरच आहे. हेड क्लीनिंग एक-दोनदाच कर. सारखं केलंस तर शाई वाया जाते आणि वेस्ट इंक पॅड लवकर भरतो. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद कर, म्हणजे हेड जागेवर जाऊन झाकलं जातं आणि सुकत नाही.

जाळी अखंड असेल तर कागदाची निवड बघ. किती शाई सोडायची, हे ड्रायव्हर कागदाच्या प्रकारावरून ठरवतो. ट्रेमध्ये ग्लॉसी आणि ड्रायव्हरमध्ये साधा कागद असेल, तर रंग बरोबर येणारच नाहीत.

मग रंग कोण सांभाळतंय ते पाहा: फोटोशॉप की प्रिंटर? दोघांपैकी एकानेच सांभाळायचा. फोटोशॉपमध्ये प्रोफाइल निवडलंस, तर ड्रायव्हरमधलं रंगनियंत्रण पूर्ण बंद हवं. दोन्ही चालू राहिली की दुरुस्ती दोनदा होते आणि चेहरे लाल-जांभळे पडतात. तुझा दुसरा संशय इथे ठेव.

प्रोफाइल हे प्रिंटर, शाई आणि कागद या तिन्हींच्या मेळाचं असतं. स्वस्तातली शाईची बाटली भरलीस की कंपनीच्या प्रोफाइलवर भरवसा ठेवता येत नाही. मग स्पेक्ट्रोफोटोमीटर असलेल्याकडून नवं प्रोफाइल करून घे. त्या प्रोफाइलसाठीचा रंगतक्ता छापताना मात्र सगळं रंगनियंत्रण बंद ठेव.

प्रिंट काळवंडलेली वाटत असेल, तर बहुतेकदा मॉनिटर फार उजळ असतो. कॅलिब्रेटर लावून तो 6500 केल्व्हिन आणि गॅमा 2.2 वर आण, आणि उजळपणा 80 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर यांच्या दरम्यान ठेव. प्रिंट पिवळ्या बल्बखाली पारखू नकोस. त्यासाठी 5000 केल्व्हिनचा प्रकाश प्रमाण मानतात. शाई सुकताना रंग थोडा बदलतो, तेव्हा निकाल दुसऱ्या दिवशी दे.

चाचणीला नेहमी एकच फोटो ठेव. त्यात चेहरा असू दे आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी करडी पट्टीही असू दे. चेहऱ्यातली हलकी झाक नजर चालवून घेते, करड्यातली लपत नाही. प्रत्येक प्रिंटच्या मागे कागद, शाई आणि सेटिंग लिहून ठेव.

लग्न एकदाच होतं. त्या मुलीचा खरा वर्ण तिच्या अल्बमात उतरवणं ही तुझी जबाबदारी आहे, आणि ती अंदाजाने पार पडत नाही. आजच नोझल चेक काढ आणि काय दिसलं ते कळव.

तुझा,
मामा