हिंगोलीची मीटरगेज आणि कालाकुंडचा घाट

हिंगोलीस प्रथम आली ती मीटरगेजची आगगाडी. पूर्णा-हिंगोली लोहमार्ग निजाम राजवटीत १९१२ साली सुरू झाला. स्वातंत्र्योत्तर काळात तो अकोलामार्गे खांडव्यास नेण्यात आला आणि तेथे इंदूर-रतलामकडून येणाऱ्या मीटरगेजला मिळाला. २००८ साली पूर्णा-अकोला टप्प्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर पूर्ण झाले. रुळांतील अंतर एक मीटरवरून १,६७६ मिलिमीटर झाले. जिल्ह्याच्या दृष्टीने हे हिताचेच होते. जुनी गाडी मात्र गेली ती गेलीच.

तिचे चालते रूप पाहावयाचे तर त्याच जुन्या मार्गाच्या रोखाने खांडव्यापलीकडे, मध्य प्रदेशातील पाताळपाणी-कालाकुंड घाटात जावे लागते. खांडवा-इंदूर मार्गासाठी महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० साली ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, तेही १०१ वर्षांच्या मुदतीने! घाटाचा चढ चाळीसास एक, म्हणजे चाळीस मीटर अंतरात एक मीटर उंची. कालाकुंडहून वर चढणाऱ्या गाडीस मागून रेटा देण्यासाठी जादा इंजिन जोडावे लागे. उतरणारी गाडी पाताळपाणीस थांबवून तिचे ब्रेक तपासले जात. हा थांबा तंट्या भिल्लाच्या मानवंदनेसाठी आहे, असे तेथील लोक मानतात.

हा अवघड चढच घाटाच्या पथ्यावर पडला. ब्रॉडगेजसाठी सौम्य चढाचा वेगळा मार्ग आखण्यात आल्याने जुना तुकडा जपणे शक्य झाले. तेथे २५ डिसेंबर २०१८ रोजी पर्यटकांसाठी वारसा गाडी सुरू करण्यात आली. डिझेल इंजिनाची ही गाडी सुमारे साडेनऊ किलोमीटर धावते, बोगदे ओलांडते. प्रवासी कालाकुंडला उतरतात आणि बहुधा तेथील प्रसिद्ध कलाकंद घेऊनच परततात.

चौथऱ्यावर मांडून ठेवलेल्या इंजिनास छप्पर व रंग पुरतो. धावत्या गाडीचे तसे नाही. झिजलेली चाके तासावी लागतात, ब्रेकचे ठोकळे बदलावे लागतात, पावसाळ्यात दरडींवर नजर ठेवावी लागते. मीटरगेजचे जाळे होते तेव्हा सुटे भाग एका आगारातून दुसऱ्या आगारात सहज जात. जाळे तुटल्यावर उरलेला तुकडा बेटासारखा होतो. डबा मोठ्या दुरुस्तीस न्यावयाचा तर रस्त्याने न्यावा लागतो.

भागांपेक्षाही दुर्मिळ होत आहे ते कसब. उतारावर ब्रेक केव्हा आणि किती लावावा, हे नवा चालक जुन्या चालकाशेजारी बसूनच शिकतो. पूर्णा-हिंगोली मार्गावर मीटरगेज हाताळलेल्या पिढीतील अनेकजण आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्याकडून ही माहिती आताच लिहून घेण्यास फारसा खर्च येणार नाही.