आधी मटकी, मग 'म'

पोरी, अंगणवाडीत रुजू झालीस, बरं झालं. आता भिंतीवरचे रंगीत तक्ते बघून हरखू नकोस. तक्ते पर्यवेक्षिका आल्या की त्यांना दाखवायला ठीक आहेत. चार वर्षांचं पोर बोटांनी शिकतं. आधी त्याच्या हातात काहीतरी दे, मग त्याला बोलू दे, आणि ते जे बोललं तेच फळ्यावर लिही. अक्षरांचा तास वेगळा आणि विज्ञानाचा वेगळा, असं बालवाडीत करायचंच नाही.

साहित्य मिळत नाही म्हणून रडत बसू नकोस. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं त्या खेड्याला कुठून परवडणार? त्यांनी शिंपले, खडे, पानं, बिया गोळा केल्या आणि त्यावर वर्ग चालवला. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली मुलं गुरं राखायला जायची, तर शाळाच कुरणात नेली. तुझ्याकडे निदान छप्पर आहे, मदतनीस आहे आणि रोज शिजणारा खाऊ आहे. त्या खाऊच्या डब्यातूनच सुरुवात कर.

पहिला आठवडा मटकीचा. प्रत्येकाच्या तळव्यावर चिमूटभर कोरडी मटकी ठेव. दाबून बघू दे, वाजवून बघू दे, वास घेऊ दे. घरी जायच्या आधी मुलांच्याच हातून ती भिजत घाल. दुसऱ्या दिवशी एका तळव्यावर कोरडी आणि दुसऱ्यावर भिजलेली. "काय वेगळं दिसतंय?" एवढंच विचार आणि गप्प बस. हे गप्प बसणं फार अवघड असतं, आपल्या जिभेवर उत्तर तयारच असतं. पण थांबलीस तर मुलं बोलतात. फुगली. मऊ झाली. साल निघतंय. एखादं म्हणेल, "ती पाणी प्यायली." मग त्याला आणखी काय शिकवायचं राहिलं?

मग तीन वाट्या घे. एकीत भिजलेली मटकी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव, दुसरीत भिजलेलीच पण पाण्यात पार बुडवून, आणि तिसरीत कोरडीच मटकी. फडक्यातलीला बघता बघता मोड येतात. कोरडी होती तशीच राहते. बुडवलेलीला तीन-चार दिवसांत घाण वास सुटतो, कारण बीला पाण्याइतकीच हवाही लागते. हे वाक्य तू सांगू नकोस. मुलं नाक दाबून म्हणतील, "ही बुडून मेली." या वयाला तेवढं पुष्कळ झालं.

आता फळ्याकडे ये. कुणी म्हणालं, "मटकीला शेपूट आलं," तर तसंच लिही. "शेपूट नाही रे, मोड म्हणायचं," असं करून त्याचं तोंड बंद करू नकोस. घरची बोली वारली असो, अहिराणी असो की मालवणी, मुलाच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य त्याच बोलीत फळ्यावर उमटलं पाहिजे. पुस्तकी भाषा पहिलीत भेटेलच. लिहिलेलं वाचताना प्रत्येक शब्दाखाली बोट फिरव. दुसऱ्या दिवशी तेच पोर उठून फळ्यापाशी जाईल आणि बोट फिरवत "वाचेल". पाठ आहे म्हणून वाचतंय हे खरं, पण आपण बोललेलं तिथे थांबून राहतं हे त्याला कळलेलं असतं, आणि ते कळल्याशिवाय सगळी मुळाक्षरं घोकूनही उपयोग नाही. मग विचार, "मटकीचा 'म' आणखी कुठे दिसतोय?" हजेरीसाठी नावांच्या चिठ्ठ्या करून ठेवल्या असशील तर मीरा आणि मंगेश लगेच आपापली चिठ्ठी घेऊन धावत येतील.

अक्षराआधी कान तयार कर. टाळ्या वाजवत शब्द तोडायचे: भा-जी दोन टाळ्या, म-ट-की तीन, क-लिं-ग-ड चार. खिचडी यायला उशीर झाला की हा खेळ कामी येतो. अक्षरं सुरू करशील तेव्हा अ-आ-इ-ई पासूनच करायला हवं असं नाही. आपल्याकडची जुनी 'ग म भ न' ची वाट चांगली आहे. वळणं जवळजवळची आहेत, आणि शेजारी 'र' बसवला की गरम, नगर, मगर असे शब्द हातात येतात. मुलाला चौथ्या-पाचव्या अक्षराला शब्द मिळाला पाहिजे, नाहीतर त्याचा धीर सुटतो.

पेन्सिलची घाई नको. मदतनीस ताईंकडून कणकेचा गोळा माग आणि मळायला दे. मटारच्या शेंगा सोलू दे, जुन्या बांगड्या दोरीत ओवू दे. बोटांत जोर आला की ताटात रांगोळीचा पातळ थर पसरून त्यात अक्षर गिरवू दे. चुकलं तर ताट हलवलं की झालं, खोडरबर लागत नाही.

घमेल्यातल्या पाण्याचा खेळ सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो नीट कुणी खेळत नाही. वस्तू पाण्यात टाकण्याआधी अंदाज घ्यायचा. 'बुडेल' आणि 'तरंगेल' अशा दोन चिठ्ठ्या जमिनीवर ठेव, वस्तू मुलांनीच हव्या त्या चिठ्ठीपाशी ठेवायच्या. आठवडाभरात ते दोन शब्द न शिकवता वाचता येतात. सालासकट संत्रं तरंगतं, सोललेलं बुडतं. स्टीलची वाटी अलगद ठेवली तर तरंगते, कलती झाली की बुडते. शाडूचा गोळा बुडतो, त्याचीच होडी केली तर तरंगते. यावर मुलं भांडतात. भांडू दे. 'घनता' हा शब्द मात्र तोंडातून काढू नकोस.

माझ्या सगळ्यात आवडीचा खेळ हळदीचा. कागदावर ओली हळद फासून वाळव. काडीला कापूस गुंडाळून साबणाच्या पाण्यात बुडव आणि त्या पिवळ्या कागदावर लिहू दे. अक्षर लालभडक उमटतं. वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. कुंकू हळदीचंच करायचे हे घरी आजीला विचारायला सांग, दुसऱ्या दिवशी निम्म्या आज्या दारात येतील. एक लक्षात ठेव, फ्रॉकवर पडलेला हळदीचा डाग घरी साबण लावला की लाल होतो. आयांना आधीच सांगून ठेव, नाहीतर बोलणी तुला बसतील.

आता जपायच्या गोष्टी. बिया मोजून द्यायच्या आणि मोजूनच परत घ्यायच्या. वाटाणा नाकात घालणारं एक तरी पोर प्रत्येक वर्गात असतं, आणि ओला वाटाणा आत फुगतो. तसं झालं तर पिनेने कोरत बसायचं नाही, थेट दवाखाना. लाल-काळ्या गुंजा कितीही गोजिऱ्या दिसल्या तरी वर्गात आणायच्या नाहीत. एरंडाच्या बिया, धोतरा, कण्हेर यांनाही मनाई. ही सगळी विषारी आहेत.

दिवाळीच्या आसपास पालक येतील आणि म्हणतील, शेजारच्या इंग्रजी शाळेतलं पोर वहीभर एबीसीडी लिहितं, आमचं नुसतं पाण्यात खेळतं. वाद घालू नकोस. एका शनिवारी त्यांनाच मुलांशेजारी चटईवर बसव, हळदीचा कागद आणि साबणाची काडी त्यांच्या हातात दे, आणि त्यांच्याच मुलाला त्यांना शिकवू दे. त्यानंतरही ज्यांना वहीच हवी असेल त्यांना हवी तर वही दे, पण वर्गातलं घमेलं काढू नकोस.