पाच अर्धवट गोधड्या आणि परसबाग



मागच्या रविवारी मिस्सानंतर हॉलमधली लोखंडी पेटी उघडली, तेव्हा आत पाच गोधड्या निघाल्या. पाचही अर्धवट. एकीच्या तीन कडा शिवून झालेल्या, दुसरीचे नुसते थर लावून लांब टाके घातलेले, एकीत तर सुई टोचलेली तशीच राहून गंजलेली. गेल्या उन्हाळ्यात महिला मंडळाने घरोघर फिरून जुनी लुगडी, धोतरे, चादरी गोळा केल्या होत्या. ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांतील लहान मुलांना थंडीत पांघरायला द्यायच्या, असे आपण ठरवले होते. कल्पना आमचीच होती, हेही कबूल केले पाहिजे. थंडी आली आणि गेली. गोधड्या पेटीतच राहिल्या.

इकडे बंगल्यामागच्या परसबागेत आळी खणून, शेणखत घालून तयार आहेत. आंब्याला मोहोर आहे, पळस फुलला आहे, निंबाची पाने गळून नवी पालवी दिसू लागली आहे. दोडका, कारले, काकडी, दुधी, भेंडी, गवार यांची उन्हाळी लागवड करायची तर हेच दिवस. आणखी उशीर केला तर कोवळी रोपे एप्रिलच्या उन्हात सापडतात. हात मोजकेच, संध्याकाळचे दोन तास मोजकेच. आधी सुई की आधी खुरपे? सभेत एक मावशी म्हणाल्या, "फादर, वाकळ काय पळून चालली का? आधी बी टाकून घेऊ."

मावशींचे म्हणणे ऐकून आम्हांला सेमिनरीतला तत्त्वज्ञानाचा वर्ग आठवला. ॲरिस्टॉटलच्या 'फिजिक्स' ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा फार रुक्ष वाटला होता. त्यात तो निसर्गाने होणाऱ्या वस्तू आणि माणसाने केलेल्या वस्तू यांत भेद करतो. झाडाच्या वाढीचे कारण झाडाच्या आतच असते. खाट किंवा अंगावरचे वस्त्र यांना असे आतले कारण नसते. ते करणाऱ्याच्या ठायी असते. अँटिफॉन नावाच्या विचारवंताचे एक उदाहरणही तो देतो. लाकडी खाट जमिनीत पुरली आणि कुजता कुजता तिला कोंब फुटलाच, तर त्यातून लाकूड उगवेल, खाट उगवणार नाही. गोधडीचे तसेच आहे. तिचा कापूस शेतातूनच आला. पण गोधडी वाफ्यात पुरून पाणी घातले तरी तिची राहिलेली चौथी कड आपोआप शिवली जाणार नाही. बी मात्र आपण झोपलो तरी आपले काम करते. मार्काच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला आपोआप वाढणाऱ्या बीजाचा दाखला इथे आठवावा.

तेव्हा मावशींचा हिशेब बरोबर. हाताचे काम मध्येच ठेवून पुन्हा उचलता येते. बियाची वेळ मात्र आपण ठरवत नाही. आपल्या आया-आज्या सुगी उरकल्यावर, शेतात काम नसताना गोधड्या शिवायला काढत, त्यामागेही हेच शहाणपण होते. उपदेशकाच्या तिसऱ्या अध्यायात रोपण्याची वेळ आणि शिवण्याची वेळ या दोन्हींचा उल्लेख आहे, पण वेगवेगळ्या वचनांत. दोन्ही एकाच संध्याकाळी करा, असे त्याने कुठेही म्हटलेले नाही!

तरीही एवढ्यावर विषय संपत नाही. गोधडी थांबते हे खरे, पण किती? नीट पाहिले तर थर सरकलेले होते, एका कोपऱ्यात उंदराने कुरतडले होते, गंजाचा डाग कापडात उतरला होता. बीही अमर्याद थांबत नाही. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री किताब मिळाला, तो गावठी बियाणे जपण्यासाठी. बियाणे जपायचे म्हणजे नुसते मडक्यात भरून ठेवायचे नाही. वेळोवेळी पेरून नवे बी धरावे लागते, नाहीतर त्याची उगवणशक्ती जाते. आपल्या डब्यातले भोपळ्याचे बी दोन वर्षांपूर्वीचे आहे. त्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवले आहेत. किती उगवतात ते पाहून बाकीचे टाकू. फडके गोधडीच्या चिंध्यांतलेच घेतले.

आणि ज्याच्यासाठी शिवायचे, तो तर मुळीच थांबत नाही. गळीत हंगाम संपत आला आहे. कारखान्याची मोळी टाकायची थांबली की कोप्या उठतील, गाड्या पाथर्डीकडे, बीडकडे निघतील. पहाटेच्या अंधारात आई-बाप फडात जातात, तेव्हा ही मुले कोपीत नाहीतर बांधावर झोपलेली असतात. ॲरिस्टॉटलने गोधडीविषयी सांगितले ते पटते. पण थंडीत कुडकुडणाऱ्या पोराची वेळ त्या भेदात बसत नाही. ती चूक आपल्याकडून झाली आहे.

म्हणून असे ठरले आहे. सोमवारी आणि मंगळवारी संध्याकाळी सर्वांनी मिळून बी टोकायचे. कारल्याचे बी आदल्या रात्री भिजत घालावे. बुधवारपासून परसबागेला फक्त पाणी, आणि हॉलमध्ये शिवण. पाचही गोधड्या एकदम काढायच्या नाहीत. ज्यांचे काम थोडेच राहिले आहे अशा दोन पुऱ्या करून कोप्या उठण्याआधी नेऊन द्यायच्या. दोन चांगल्या झटकून, निंबाचा पाला घालून ठेवायच्या आणि दिवाळीआधी संपवायच्या. तोवर सहावी कोणीही सुरू करू नये, ही विनंती.

पाचवी गोधडी गंजलेल्या सुईची. ती ज्या आजींनी घेतली होती, त्या नाताळाआधी प्रभूघरी गेल्या. ती तशीच आठवण म्हणून ठेवावी, असे काहींचे मत पडले. आम्हांलाही क्षणभर तसेच वाटले. पण त्यांच्या सूनबाईंनी ती घरी मागून नेली. म्हणाल्या, "आत्याबाईंचे टाके पांढऱ्या दोऱ्याचे आहेत. मी लाल दोरा घेते, म्हणजे त्यांचे कुठे थांबले ते दिसेल." लाल दोऱ्याची रिळे कोणाकडे असतील, तर बुधवारी हॉलमध्ये आणून द्यावीत.