ड्रोनची फ्रिक्वेन्सी आपल्या रानात ठरवा

वाळवा तालुक्यात ऊसपाहणीसाठी आणलेला आमचा ड्रोन मोबाइल टॉवरच्या बाजूला गेला, की टेलिमेट्री, म्हणजे ड्रोनकडून रेडिओवर येणारी माहिती, तुटायची. बॅटरीचा आकडा स्क्रीनवर अडकून राहायचा आणि पोटात गोळा यायचा. दुरुस्तीत मोटर, वायरिंग, बॅटरी सगळं उलगडून झालं. दोष टेलिमेट्रीच्या रेडिओचा निघाला. तो होता ९१५ मेगाहर्ट्झचा, ‘लाँग रेंज’ म्हणून विकलेला.

अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरता येतात. आपल्याकडे ८९० ते ९१५ वर मोबाइल टॉवरकडे बोलतात आणि ९३५ पासून ९६० पर्यंत टॉवर मोबाइलकडे. म्हणजे आमचा रेडिओ निम्मा दुसऱ्याच्या हद्दीत, आणि शेजारी टॉवरचा दणदणीत सिग्नल. भारतात या कामासाठी ८६५ ते ८६८ हा विनापरवाना पट्टा आहे. खरेदी करताना रेडिओ याच पट्ट्याच्या आत चालतो का, ते बघाच. अँटेनाही त्याच पट्ट्याची हवी. आणि पट्टा विनापरवाना असला तरी उपकरणाला सरकारी ‘ईटीए’ मंजुरी लागते. विक्रेत्याकडे ती मागायला संकोच कसला?

व्हिडिओचं दुखणं वेगळं. ५.८ गिगाहर्ट्झची तरंगलांबी जेमतेम पाच सेंटिमीटर. दहा फूट वाढलेल्या, दव पडलेल्या उसामागे ड्रोन खाली उतरला, की चित्रात मुंग्या आल्याच. ट्रान्समीटरची पॉवर वाढवण्याआधी आम्ही रिसीव्हरची अँटेना बांबूवर चढवली, ड्रोन उसाच्या शेंड्यांवर ठेवला, आणि चित्र स्वच्छ झालं. दोन्हीकडच्या वर्तुळाकार ध्रुवणाच्या अँटेना एकाच हाताच्या, उजव्या तर उजव्याच, असाव्यात. ५.८ च्या ‘रेसबँड’ या चॅनेल-संचातले सातवा आणि आठवा हे चॅनेल ५८८० आणि ५९१७ मेगाहर्ट्झवर आहेत. आपला विनापरवाना पट्टा ५८७५ लाच संपतो, तेव्हा ते सोडा.

स्वतः जुळवलेल्या ड्रोनवर कंट्रोल आणि व्हिडिओ दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर ठेवू नका. ड्रोनवर बसवलेला व्हिडिओ ट्रान्समीटर शेजारच्या रिसीव्हरला बहिरा करतो. कंट्रोल २.४ वर असेल तर व्हिडिओ ५.८ वर न्या. कंट्रोल कधीही चित्राआधी तुटता कामा नये, हा माझा आग्रह आहे. चित्र गेलं तर ड्रोन डोळ्यांनी बघून उतरवता येतो.

उडवण्याआधी पंखे काढा, ड्रोन आर्म करा, थ्रॉटल थोडं वर घ्या आणि रिमोट बंद करा. फेलसेफमध्ये, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटल्यावर काय करायचं त्या सेटिंगमध्ये, जे सेट केलंय तसंच घडतंय का, ते बघा. तसं घडलं नाही, तर त्या दिवशी ड्रोन पेटीतच ठेवा.