टर्बो बदलण्याआधी कारण शोधा

फोर बाय फोर डिझेल गाडी चढावर दम सोडते, धूर काढते आणि गॅरेजात लगेच निदान होते: टर्बो गेला. कारागीर बांधवांनी येथे घाई करू नये. काळा धूर व कमी ताकद असेल तर आधी इंटरकूलरचे पाइप व क्लिपा तपासाव्यात. फाटक्या पाइपानेही हीच लक्षणे दिसतात. निळा धूर असेल, पाती घराला घासत असतील, तर टर्बो खराब समजावा. अशी गाडी चालवू नये. इंजिन स्वतःचेच ऑइल जाळू लागले तर चावी बंद करूनही थांबत नाही.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर. म्हणून नवा टर्बो बसवताना ऑइल व फिल्टर बदला, ऑइल येणारी नळी नवी टाका, परतीची नळी व ब्रीदर मोकळे करा, इंटरकूलरमधले ऑइल धुऊन काढा. नाहीतर नवा टर्बोही लवकरच जातो.

काढलेला भाग ग्राहकाला दाखवा, बिलावर कारण लिहा. गाडी आपल्याकडे अमानत असते. पाइपाच्या दोषासाठी टर्बोचे पैसे घेणे ही हलाल कमाई नव्हे.